ओठांवरचा शब्द

(एखादी वस्तू परदेशातून आपल्या घरी येते, तेव्हा तिचे नावही तिच्याबरोबर येते. कधी ते जसेच्या तसे राहते, कधी बदलते. अशाच एका नावाची हकिकत एका शिक्षिकेने या पाठात सांगितली आहे.)

आमच्या तालुक्याच्या गावी दरवर्षी मराठी वक्तृत्व स्पर्धा भरते. गेल्या वर्षी आमच्या उर्दू शाळेतून नववीची एक मुलगी तिथे गेली होती. विषय होता 'माझ्या घरातील एक प्रसंग'. तिने आपल्या मोठ्या बहिणीच्या लग्नाची खरेदी सांगितली. दादीने बटव्यातून मोजून दिलेले पैसे, गाडीतली गर्दी, दुकानदाराशी घासाघीस, सारे तिने अगदी डोळ्यांसमोर उभे केले. मी मागे बसून ऐकत होते. मला वाटले, आज बक्षीस आपलेच.

आणि ती म्हणाली, "आम्ही इस्टेशनवर उतरलो. बाजीने लिपइस्टिक घेतली."

दुसऱ्या रांगेतून हसण्याचा आवाज आला. मग तिसऱ्या रांगेतून. मुलगी क्षणभर थांबली. तिने भाषण पूर्ण केले, पण शेवटची दोन वाक्ये कुणाला ऐकूच गेली नाहीत. परत येताना एस.टी.त ती खिडकीबाहेर पाहत बसली होती. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत माझ्याकडे आली आणि म्हणाली, "आपा, पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाला तरी पाठवा. मला मराठी येत नाही."

हसणारी मुले काही परकी नव्हती. 'आपलेच दात आणि आपलेच ओठ' म्हणतात तसे झाले. आणि खरे सांगायचे तर असा प्रसंग माझ्यावरही येऊन गेला आहे. बी.एड.ला असताना मी एका वर्गावर सरावपाठ घेत होते. फळ्यावर रेघ मारायची होती. मी मुलांना म्हणाले, "जरा ती इस्केल द्या." पूर्ण वर्ग हसला. त्या दिवशी मला उत्तर सुचले नाही. पुढे वाचता वाचता उत्तर मिळाले. म्हणून त्या दिवशी मी व्याकरणाचे पुस्तक बाजूला ठेवले आणि फळ्यावर मोठ्या अक्षरांत एकच शब्द लिहिला : लिपस्टिक.

मुले एकमेकांकडे पाहून हसू लागली. मी म्हटले, "हसा. आज याच शब्दाचा तास आहे."

मुलांनो, या शब्दाचे दोन तुकडे करा. लिप म्हणजे ओठ. स्टिक म्हणजे काठी किंवा कांडी. ओठांना लावायची कांडी, एवढाच त्याचा अर्थ. हा जोडशब्द इंग्रजीत १८८० च्या सुमारास छापलेला आढळतो. ओठ रंगवण्याची हौस मात्र हजारो वर्षांची आहे. प्राचीन इजिप्तमध्ये गेरूसारखी लाल माती चरबीत कालवून ओठांना लावत. आपल्याकडे लाखेपासून अळता करत. तो पायांना लावत, तसा ओठांनाही लावत, असे उल्लेख जुन्या संस्कृत ग्रंथांत आहेत. आणि पान तर आपण विसरूच शकत नाही. विडा रंगला की ओठ आपोआप लाल होत.

मग नवे काय होते? नवी होती ती कांडी. पूर्वी रंग डबीत असे, तो बोटाने किंवा कुंचल्याने लावत. पुढे मेण, तेल आणि रंग एकत्र आटवून त्याची कांडी पाडू लागले. सुरुवातीला ती कागदात गुंडाळून विकत. १९१५ च्या सुमारास अमेरिकेत ती धातूच्या नळीत मिळू लागली आणि १९२३ साली खालून फिरवली की वर येणाऱ्या नळीचे पेटंट तिथे घेतले गेले. आता ती पर्समध्ये टाकून कुठेही नेता येऊ लागली. वस्तू स्वस्त झाली, सुटसुटीत झाली, आणि जहाजांतून देशोदेशी निघाली. नावही तिच्याबरोबर निघाले.

इथे मी मुलांना थांबवून विचारले, "उर्दूत ओठाला काय म्हणतात?"

"होंठ," काही जण म्हणाले. "लब," इतर काही म्हणाले.

दोन्ही बरोबर. होंठ आणि मराठीतला ओठ हे दोघे सख्खे भाऊ. संस्कृतातल्या 'ओष्ठ' या शब्दापासून दोघे आले. 'लब' मात्र फारसीतून उर्दूत आला. आता फळ्यावर पाहा. एका बाजूला लब, दुसऱ्या बाजूला लिप. लॅटिन भाषेत ओठाला 'लाबिउम' म्हणत. हे तीन शब्द सारखे दिसतात, तो योगायोग नाही. फारसी, इंग्रजी आणि लॅटिन या एकाच प्राचीन भाषाकुळातल्या भाषा आहेत. इंग्रजीने लिप हा शब्द फारसीकडून घेतला नाही आणि फारसीने लब इंग्रजीकडून घेतला नाही. दोघांचा पणजोबा एक. म्हणजे ज्या शब्दावरून आपल्या मुलीला हसले, त्याचा अर्धा भाग आपल्या घरातल्या शब्दाचा चुलतभाऊ निघाला! उर्दूत आपण नदीकाठाला 'लबे दरिया' म्हणतो, काठापर्यंत भरलेल्या भांड्याला 'लबालब' म्हणतो. मराठीत तेच भांडे 'काठोकाठ' भरते. उर्दूला भांड्याचा ओठ दिसला, मराठीला काठ दिसला.

आता जगाच्या नकाशाकडे या. ही कांडी देशोदेशी गेली तेव्हा प्रत्येक भाषेपुढे एकच प्रश्न होता. नाव उसने घ्यायचे की स्वतःचे ठेवायचे?

जर्मन माणसाने शब्दाचे तुकडे करून आपल्या भाषेत बसवले. तो तिला 'लिप्पेनश्टिफ्ट' म्हणतो. लिप्पे म्हणजे ओठ, श्टिफ्ट म्हणजे कांडी किंवा पेन्सिल. स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क या शेजाऱ्यांनीही तेच केले. स्पेनच्या लोकांना ना कांडी महत्त्वाची वाटली, ना लाल रंग. त्यांनी काम पाहिले आणि नाव ठेवले 'पिंतालाबिओस', ओठ रंगवणारे. आपल्याच देशात तमिळ भाषेने असेच केले. तमिळमध्ये 'उदट्टुच्चायम्' असा शब्द आहे. उदडु म्हणजे ओठ आणि चायम् म्हणजे रंग. ग्रीसमध्ये तिला 'क्रेयॉन' या फ्रेंच शब्दानेच ओळखतात. हो, तुमच्या चित्रकलेच्या डबीत असतात तेच क्रेयॉन! रशियन लोक 'गुबनाया पमादा' म्हणतात, म्हणजे ओठांचे मलम.

फ्रेंच भाषेची गोष्ट तर फारच मजेदार आहे. फ्रेंचमध्ये लाल रंगाला 'रूज' म्हणतात आणि कांडीला 'बातों'. पूर्वी 'बातों द रूज', म्हणजे लालीची कांडी, असे तिला म्हणत. हे लांब नाव शेजाऱ्यांनी वाटून घेतले. पोर्तुगीज भाषेने कांडी उचलली, तिथे लिपस्टिकला 'बातोम' म्हणतात. तुर्की भाषेने लाली उचलली, तिथे ती 'रूझ' झाली. एकाच नावाचा पुढचा तुकडा एका घरी, मागचा दुसऱ्या घरी. जाता जाता सांगते, अमेरिकेत लुइझियाना राज्याच्या राजधानीचे नाव 'बॅटन रूज' आहे. त्याचा लिपस्टिकशी संबंध नाही. १६९९ साली फ्रेंच प्रवासी तिथे पोचले, तेव्हा दोन जमातींच्या शिकारीच्या हद्दीवर लाल रंगलेला एक खांब त्यांना दिसला. त्यावरून ते नाव पडले. हे सांगितल्यावर मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "लाल काठीचे शहर!" अगदी बरोबर.

लाल रंगावरून नाव ठेवणाऱ्या भाषा पुष्कळ आहेत. अरबीत 'अहमर शिफाह', ओठांचा लाल रंग. इटालियनमध्ये 'रोस्सेत्तो', रोस्सो म्हणजे लाल. चिनी भाषेत 'खौ होंग', तोंडाचा लाल रंग. जपानीत 'कुचिबेनी'. कुची म्हणजे तोंड आणि बेनी म्हणजे एका फुलापासून काढलेला लाल रंग. हे फूल कोणते, माहीत आहे? आपली करडई! सोलापूर आणि मराठवाड्याच्या शेतांत रब्बीला उभी असते, काटेरी, पिवळ्या-नारिंगी फुलांची, तीच. आपण तिच्या बियांचे तेल काढतो. जपानी लोक तिच्या पाकळ्यांतून ओठांचा रंग काढत. पाकळ्यांत पिवळा रंग फार आणि लाल थोडा. पिवळा धुऊन काढायचा, मग लाल हाती येतो. मोठे चिकाटीचे काम. संस्कृतात करडईला 'कुसुंभ' म्हणतात. 'कुसुंबी रंग' हा शब्द मराठीत त्यावरूनच आला.

आणि आपण काय केले? मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, बंगाली या भाषांनी शब्द जसाच्या तसा घेतला. इंडोनेशिया आणि कोरियातही तेच झाले. कुणी म्हणेल, हा आळस आहे. मला तसे वाटत नाही. शब्द उसना घेतला तरी तो घरात आल्यावर घरच्या चालीने वागू लागतो. तो कसा, ते पाहू. आपल्या स्पर्धेतल्या हसण्याचे उत्तरही इथेच आहे.

मी एका मुलाला फळ्यापाशी बोलावले आणि उर्दूत 'लिपस्टिक' लिहायला सांगितले. त्याने लिहिले : लाम, पे, मग थोडी जागा सोडून अलिफ, सीन, टे, काफ. मी विचारले, "मध्ये हा अलिफ कुठून आला? इंग्रजीत तर इथे स्वर नाही." वर्ग गप्प झाला.

मुलांनो, हा अलिफ चुकून आलेला नाही. उर्दूत शब्दाच्या सुरुवातीला 'स्ट', 'स्क' अशी जोडलेली व्यंजने जिभेला जड जातात. म्हणून उर्दू त्यांच्याआधी एक लहानसा स्वर ठेवते. स्कूलचे 'इस्कूल' होते, स्टेशनचे 'इस्टेशन' होते. उर्दूच्या पुस्तकांत हे शब्द अलिफ लावूनच छापतात. म्हणजे हे अडाणीपण नाही, हा त्या भाषेचा नियम आहे. आणि तो एकट्या उर्दूचा नाही. स्पॅनिश भाषेत शाळेला 'एस्कुएला' आणि स्टेशनला 'एस्तासिओन' म्हणतात. तुर्कीत स्टेशन म्हणजे 'इस्तास्योन'. अरबीची गोष्ट तर आणखी जुनी आहे. घोडे बांधण्याच्या जागेला लॅटिनमध्ये 'स्ताबुलुम' म्हणत. इंग्रजीत त्याचे 'स्टेबल' झाले. अरबीत गेल्यावर पुढे स्वर लागून 'इस्तब्ल' झाले, आणि तेच उर्दूत 'अस्तबल' म्हणून आले. आज कुणी 'अस्तबल' म्हटले तर कुणी हसते का? तो शब्द जुना झाला, म्हणून कुणी हसत नाही. इस्टेशन अजून पुरेसे जुने झालेले नाही, एवढाच फरक!

बरे, मराठी माणसाची जीभ तरी इंग्रजी शब्द जशाच्या तशा उच्चारते का? खेड्यातल्या कितीतरी लोकांच्या तोंडी स्टेशनचे 'ठेसन' होते. उर्दूने पुढे स्वर जोडला, त्यांनी 'स' गाळला. 'लिपिस्टिक' म्हणणारी तर मराठी घरेही कमी नाहीत. जपानी माणूस हाच इंग्रजी शब्द 'रिप्पुसुतिक्कु' असा म्हणतो. त्याच्या भाषेत 'ल' नाही, आणि व्यंजनापाठोपाठ स्वर आला नाही तर त्याला चैन पडत नाही.

हे ऐकून मुले मनापासून हसली. पण हे हसणे वेगळे होते.

"मग आपा, आम्ही इस्टेशनच म्हणायचे का?" एकीने विचारले. तिचा प्रश्न योग्य होता. प्रत्येक भाषेत तिच्या चालीने बोलावे. उर्दूत इस्टेशन म्हणा, खुशाल म्हणा. मराठीत मात्र 'स्टेशन', 'लिपस्टिक' असे लिहा आणि बोलण्याचाही सराव करा. एक सोपी युक्ती सांगते. आपण 'लिप' आणि 'स्टिक' असे तोडतो, म्हणून मध्ये 'इ' घुसतो. त्याऐवजी 'लिप्स' आणि 'टिक' असे तोडा. लिप्स-टिक, लिप्स-टिक. पाहा, 'इ' गेला. स्टेशनसाठी आधी स्वराने संपणारा शब्द घ्या : 'नवे स्टेशन', 'मोठे स्टेशन'. 'वे' आणि 'ठे' मधला स्वर 'स' ला आधार देतो. असे दहा वेळा म्हटले की पुढचा शब्द काढून टाका.

उच्चारापेक्षा लिंगाची चूक जास्त मोठी असते, आणि तिच्याकडे कुणाचे लक्ष जात नाही. उर्दूत दोन लिंगे, मराठीत तीन. त्यामुळे बाहेरून आलेल्या शब्दाला मराठीत बसायला एक खुर्ची जास्त आहे. लिपस्टिक मराठीतही 'ती' आणि उर्दूतही स्त्रीलिंगी, तिथे अडचण नाही. मला वाटते, कांडी, लाली, सुर्खी हे सगळे शब्द स्त्रीलिंगी, म्हणून तीही त्यांच्याच पंक्तीला बसली असावी. पण स्टेशन उर्दूत पुल्लिंगी आणि मराठीत 'ते स्टेशन'. काजळ उर्दूत पुल्लिंगी, मराठीत 'ते काजळ'. 'माझा काजळ' असे लिहिलेत तर गुण जातील, आणि ते मीच कापेन.

इतक्यात खिडकीजवळची एक मुलगी उठून म्हणाली, "आपा, सगळे शब्द बाहेरूनच येतात का? आपल्याकडून काही गेले नाही?"

या प्रश्नाची मी वाटच पाहत होते. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर स्वाहिली भाषा बोलतात. तिथे लिपस्टिकला 'रांगी या म्दोमो' म्हणतात, ओठांचा रंग. यातला 'रांगी' म्हणजे आपला 'रंग'च. समुद्रावरच्या व्यापारात हा शब्द इकडून तिकडे गेला.

दुसरा शब्द 'किरमिजी'. गडद लाल रंगाला मराठीत किरमिजी म्हणतात, उर्दूतही तेच. झाडांवर राहणाऱ्या एका बारीक किड्यापासून हा रंग करत. फारसीत किड्याला 'किर्म' म्हणतात, संस्कृतात 'कृमी'. हेही भाऊच. त्यातून अरबीत 'किर्मिझ' झाला, अरबीतून तो युरोपात गेला आणि तिथे 'क्रिमसन' आणि 'कार्माइन' हे शब्द तयार झाले. आजही काही लिपस्टिकमध्ये कार्माइन नावाचा रंग असतो. तो निवडुंगावर वाढणाऱ्या, मूळच्या मेक्सिकोतल्या किड्यांपासून काढतात. म्हणजे विज्ञानाच्या पुस्तकातला कृमी, चित्रकलेच्या तासाचा किरमिजी रंग आणि दुकानातल्या कांडीतला कार्माइन हे एकाच घराण्यातले. किड्याचे नाव ऐकताच पुढच्या बाकावरच्या दोघी-तिघींनी तोंडावर रुमाल धरला.

तिसरे नाव तुम्ही दुकानाच्या पाटीवर वाचले असेल : लॅक्मे. भारतातच सौंदर्यप्रसाधने तयार व्हावीत म्हणून मुंबईच्या टाटा ऑइल मिल्स कंपनीने १९५२ मध्ये ही कंपनी काढली. पुढे ती हिंदुस्थान लीव्हरकडे गेली. नाव ऐकून ते फ्रेंच वाटते, आणि आहेही फ्रेंच. देलिब नावाच्या फ्रेंच संगीतकाराचे 'लाक्मे' हे संगीत नाटक १८८३ साली पॅरिसमध्ये रंगमंचावर आले. त्यातली नायिका भारतीय असून तिचे नाव लाक्मे. हे लाक्मे म्हणजे आपले 'लक्ष्मी'! लक्ष्मी पॅरिसला गेली, लाक्मे झाली आणि सत्तर वर्षांनी मुंबईला परत आली. घरच्यांनीच तिला ओळखले नाही.

तास संपायला पाच मिनिटे उरली होती. मी सांगितले, "घरी जाऊन आपल्या दादीला, नानीला विचारा, त्यांच्या लहानपणी या कांडीला काय म्हणत. मिळालेला शब्द वहीत लिहून आणा."

दुसऱ्या दिवशी सगळ्यांत आधी वही घेऊन आली ती स्पर्धेतली मुलगी. तिच्या दादीने सांगितले होते : 'सुर्खी'. सुर्ख म्हणजे लाल. पण दादीने तिला एक कोडेही घातले होते. उर्दू वर्तमानपत्रात मोठ्या अक्षरांतल्या मथळ्यालाही सुर्खीच म्हणतात. ते का? मुलीने उत्तर शोधून आणले होते. जुन्या काळी हस्तलिखितांत मथळे लाल शाईने लिहीत, म्हणून.

"आपा, बाजीने घेतली ती लिपस्टिक तपकिरी होती," ती म्हणाली. "तपकिरी सुर्खी कशी असेल?"

मी म्हटले, "अरबांचे पण तेच झाले आहे. गुलाबी असली तरी तिला अहमरच म्हणायचे. आणि आता तर बाटलीतली पातळ लिपस्टिकही मिळते. तिच्यात कांडी कुठे आहे?"

ती विचार करत उभी राहिली. लिप्स-टिक, लिप्स-टिक, असे तिचे ओठ हलत होते. मग जाता जाता दारात थांबून तिने विचारले, "आपा, या वर्षीच्या स्पर्धेचा विषय लागला का?"

स्वाध्याय

१. मुलीला 'मला मराठी येत नाही' असे का वाटले? तुमच्या शब्दांत लिहा.
२. 'अस्तबल' या शब्दाचा प्रवास चार-पाच वाक्यांत सांगा.
३. तुमच्या घरात बोलले जाणारे पाच इंग्रजी शब्द निवडा. उर्दूत आणि मराठीत त्यांचे लिंग कोणते, ते शिक्षकांना विचारून लिहा.
४. 'काठोकाठ' आणि 'लबालब' हे शब्द वापरून एक मराठी व एक उर्दू वाक्य तयार करा.